देवाचा जुना फोटो सापडलाय? आधी ते फडकं खाली ठेवा

जुनं घर आवरायला काढलं की माळ्यावरून हमखास एक तरी तसबीर खाली येते. काच धुरकटलेली, फ्रेमचा एक कोपरा सुटलेला, आत लक्ष्मी नाहीतर दत्त नाहीतर रामपंचायतन. आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, अरे हा रविवर्माचा आहे, लाखात जाईल! शंभरातल्या नव्वद वेळा तो रविवर्मांच्या हातचा नसतो आणि लाखात तर अजिबातच जात नाही, पण तरीही तो फेकायचा नसतो. का फेकायचा नाही आणि त्याच्याकडे बघायचं कसं, हे नव्याने नाद लागलेल्यांसाठी लिहितेय. मी काही तज्ज्ञ नाही, पंधराएक वर्षं असे कागद गोळा करतेय आणि चुका भरपूर केल्यात, त्यामुळे त्या तुम्ही करू नये एवढंच.

तसं आपण याला "फोटो" म्हणतो तेही गमतीचंच आहे ना. गणपतीचा फोटो, दत्ताचा फोटो. कॅमेऱ्याचा काही संबंध नाही, पण भिंतीवर काचेत लावलेलं ते सगळं फोटोच.

पहिली गोष्ट: पुसू नका

माझी पहिली तसबीर आजीच्या माहेरची. लक्ष्मी. काचेवर बरोबर कपाळाच्या जागी कुंकवाचा एक जाड, काळपट झालेला ठिपका होता, आणि खाली पायांशी हळदीचे बोटांचे ओघळ. मी उत्साहात काच पुसायचा स्प्रे मारला आणि खसाखसा पुसून काढलं. चकाचक झाली काच. दोन दिवसांनी बघते तर फ्रेमच्या फटीतून पाणी आत गेलेलं आणि चित्राच्या खालच्या कडेला तपकिरी नागमोडी डाग उमटलेला, तो आजतागायत तसाच आहे. पण त्याहून जास्त लागलं ते आत्या बोलली ते. म्हणाली, अगं तो ठिपका आईच्या हातचा होता, दर शुक्रवारी लावायची, त्यावरच परत.

तेव्हापासून नियम केलाय, की आधी मोबाईलवर फोटो काढायचे, सगळ्या बाजूंनी, काचेसकट, मागच्या पुठ्ठ्यासकट. दिवसाउजेडी, फ्लॅश बंद, थोडं तिरकं धरून म्हणजे काचेत स्वतःचंच तोंड दिसत नाही. मग बाकीचं.

दुसरी: भिंग आणा

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, घड्याळवाले वापरतात तसलं. काचेवरूनसुद्धा बऱ्यापैकी दिसतं. कुठे बघायचं तर चेहऱ्यावर, गालाच्या सावलीत, कारण तिथे रंग हळूहळू गडद होतो आणि छपाईची पद्धत तिथेच उघडी पडते.

ठिपके अगदी रांगेत, शिस्तीत, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे, किंवा चार रंगांचे ठिपके मिळून छोटी छोटी फुलं झाल्यासारखे दिसले तर ते नंतरचं ऑफसेटचं, म्हणजे यंत्रावरच्या आधुनिक छपाईचं काम, नाहीतर अलीकडची कॉपी. ठिपके वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, हाताने टिंबं दिल्यासारखे असले तर खुश व्हा, ते खरोखरच हाताने दिलेले असतात. ही दगडावरची छपाई, शिळाछाप.

ती कशी चालायची हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. आलोइस झेनेफेल्डर नावाच्या बव्हेरियातल्या माणसाने १७९० च्या दशकात ही युक्ती काढली. गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्याच्यावर चरबी असलेल्या खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. तेल आणि पाण्याचं जमत नाही एवढंच सगळं शास्त्र. पाणी कोऱ्या दगडावर बसतं, छपाईची तेलकट शाई फक्त चित्राच्या रेषांना धरते, वर कागद ठेवून दाब दिला की झालं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. म्हणजे त्या लक्ष्मीच्या एका गालासाठी कारागिराला ठरवायला लागायचं की पिवळ्या दगडावर किती टिंबं, गुलाबीवर किती, तपकिरीवर किती, आणि कागद दहा-बारा वेळा किंवा जास्तच मशिनखालून जायचा, दर वेळी त्याच जागी बरोबर बसला पाहिजे. तो थोडासा सरकला की साडीचा लाल काठ साडीच्या बाहेर येतो. भिंगाखाली असा सरकलेला रंग दिसला की मला फार आवडतं, कारण तिथे माणूस दिसतो.

काही चित्रांवर वार्निशचा थर असतो आणि कागदावर कॅनव्हाससारखी बारीक जाळी दाबून उठवलेली असते, तैलचित्र वाटावं म्हणून. यांना ओलिओग्राफ म्हणतात. वार्निश म्हातारं झालं की पिवळं पडतं, त्यामुळे जुन्या सरस्वतीची पांढरी साडी चहा सांडल्यासारखी दिसते, ती घाण नाही, घासायला जाऊ नका.

तिसरी: कडेची पट्टी शोधा

चित्राखाली जी कोरी पट्टी सुटते तिथे सगळा इतिहास छापलेला असतो, चित्राचं नाव, प्रेस, गाव, कधी नंबर. दुर्दैव असं की फ्रेम करताना लोक तीच कापून टाकायचे. तरी माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या खाली दडलेली असू शकते, म्हणून कापलीय असं लगेच धरू नका.

काय बघायचं? "रविवर्मा प्रेस, कारला-लोणावळा" असं असेल तर ते लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातलं. "पुणे चित्रशाळा" असेल तर बसून नीट वाचा, त्यावर खाली येतेच. जर्मनीत छापल्याचं लिहिलेलं असलं तर नकली म्हणून नाक मुरडू नका, आपले देव छापून आणायला लोक जर्मनीला ऑर्डरी द्यायचे, पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत तर जोरात, आणि नंतरही. किंमत आण्यात असेल तर साधारण १९५७ च्या आधीचं, कारण त्या एप्रिलपासून नवे पैसे आले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं, मग विकणारा शंभर वर्षं जुनं म्हणून कितीही शपथा घेवो. नुसतं "मुंबई ४" किंवा "मुंबई २" असं असेल तर त्याच्या आधीचं असण्याची शक्यता बरीच.

चौथी: थोडा इतिहास, कंटाळा करू नका

आज देवाचं चित्र लग्नपत्रिकेवर, उदबत्तीच्या पुड्यावर, कॅलेंडरवर, कुठेही असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं हे पहिल्यापासून असंच. तसं नाहीये. छापलेला कागद सोवळ्यात चालतो का, हाच मुळात मोठा प्रश्न होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम बघून तयार झालेले गणपत कृष्णाजी, यांनी १८३१ च्या सुमारास स्वतःचा शिळाछापखाना काढला. धर्माचे ग्रंथ छापायला घेतले तर अडचण ही की शाईत जनावराची चरबी, मग तो कागद शिवायचा कसा? त्यांनी तुपाची शाई केली. होय, तूप. त्यांनी पंचांगही छापून बाजारात आणलं. मला नेहमी वाटतं की आपल्याकडचा छपाईचा इतिहास यंत्रापासून नाही, त्या तुपापासून सांगायला पाहिजे, कारण यंत्र तर आलंच होतं, लोकांनी हातात कधी धरलं हा खरा मुद्दा.

मग शिळाछाप पोथ्या आल्या. शिवलीलामृत, हरिविजय, पांडवप्रताप, आडव्या लांबट पानांच्या, मधेमधे चित्रं असलेल्या. चित्रं काळ्या रेषेची, साधी, माणसं बाजूने दिसणारी, डोळे मोठ्ठे, कौरव-पांडवांच्या डोक्यावर चक्क पेशवाई पगड्या. मला विचाराल तर नवख्याने गोळा करायला इथूनच सुरुवात करावी. एकतर लोक फाटकी पोथी म्हणून दुर्लक्ष करतात, आणि दुसरं म्हणजे इथे अजून पैठणच्या आणि पिंगुळीच्या चित्रकथीवाल्यांची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्यांची नजर शिल्लक आहे, पुढे तैलचित्रांची नक्कल आली आणि ती गेली.

१८७८ हे साल लक्षात ठेवा. त्या साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मंडळींनी चित्रं छापणारी चित्रशाळा काढली, आणि योगायोग बघा, त्याच साली कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ. चित्रशाळेचं रामपंचायतन खूप गाजलं, घरोघरी गेलं. पण त्याच दुकानात शिवाजी महाराज आणि नाना फडणवीसही मिळायचे. म्हणजे एकाच भिंतीवर राम आणि शिवाजी महाराज शेजारी, एकाच मापाच्या फ्रेममध्ये. निबंधमाला काढणाऱ्या माणसाला चित्रांच्या धंद्यात कशाला पडावंसं वाटलं असेल, तर याचसाठी, ज्याला वाचता येत नाही त्याच्याही घरात गोष्ट पोचवता येते. भाषणावर सरकारचं लक्ष असतं, भिंतीवरच्या देवाला कोण काय बोलणार? पुढे पुढे सरकारलाही हे कळायला लागलं, कीचकवध हे खाडिलकरांचं नाटक १९१० मध्ये बंद केलं ते महाभारताच्या गोष्टीत व्हाइसरॉय कर्झन दिसला म्हणूनच. तेव्हा द्रौपदी, कीचक, महिषासुर असे विषय त्या काळातल्या छापील चित्रात दिसले तर ती नुसती पुराणकथा आहे असं समजून पुढे जाऊ नका.

रविवर्मांचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. आधी टी. माधवराव या दिवाणांनी त्यांना सुचवलेलं की चित्रं युरोपातून छापून आणा. शेवटी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात स्वतःचा प्रेस निघाला, मशिनं आणि जाणकार जर्मनीहून. पहिलं छापलेलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. पुढे प्लेगच्या दिवसांत मुंबईतून हलून प्रेस मळवलीला गेला. चित्रं खपत होती तरी धंद्याचं गणित काही जुळलं नाही, विसावं शतक उजाडल्यावर लवकरच तो फ्रिट्झ श्लायशर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, प्रेस त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला, धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही तिथे छापली गेली. १९७२ मध्ये आगीत जळाला. आता कळलं ना, रविवर्मा प्रेस लिहिलंय म्हणजे रविवर्मांनी काढलंय असं का धरायचं नाही?

आणखी एक, दादासाहेब फाळकेंनी सिनेमाच्या आधी याच छपाईच्या धंद्यात, लोणावळ्याला, काम केलेलं आहे. पहिल्या चित्रपटातले राजे आणि ऋषी थेट तसबिरीतून उतरल्यासारखे का वाटतात, ते या माहितीनंतर बघा.

पाचवी: देव ओळखा, पण तिथेच थांबू नका

देव ओळखणं सोपं. कमळ आणि हत्ती म्हणजे लक्ष्मी, तीन शिरं, चार कुत्री आणि गाय म्हणजे दत्त. थोडं पुढे जाऊन बघा की मागे काय आहे. देवळाचा गाभारा आहे, का विलायती खांब आणि पडदे? रविवर्मांची सरस्वती खडकावर बसलीय, मागे झाडी, पाणी, बाजूला मोर. खरीखुरी जागा वाटते, जिथे आपण जाऊन बसू शकू. पोथीतल्या जुन्या चित्रात असं काही नव्हतं, तिथे देव नुसता देव होता, कुठल्या गावात नव्हता. आता देवीच्या साडीला घडी पडायला लागली, दागिना चमकायला लागला, चेहरा ओळखीच्या बाईसारखा दिसायला लागला. लोकांना हे फार भावलं, आणि काही जणांना अजूनही खटकतं, की देवीची पार नाटकातली नायिका केली. दोन्ही खरंय असं माझं मत.

याच चित्रांमुळे सगळीकडे एकच एक लक्ष्मी झाली हे मात्र नाकारता येत नाही. डोळे मिटून लक्ष्मी आठवा बघू. लाल किंवा गुलाबी साडी, कमळ, हात पसरलेले, हत्ती. गावोगावच्या तांदळ्याला, शेंदूर लावलेल्या दगडाला हा चेहरा नव्हता. दुसरीकडे, ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं जात नव्हतं त्यांच्या घरात काही आण्यांत देव आला, पुजाऱ्याला न विचारता, हेही याच कागदाने केलं. तेवढ्याने अन्याय संपला असं कुणी म्हणू नये, पाणवठा बंदच होता, पण घरातल्या भिंतीवर कोण असावं हे ठरवायचा हक्क ही छोटी गोष्ट नव्हे.

आणि धंदेवाले कधी मागे राहतात का. कापडाच्या ताग्यावर चिकटवायची मँचेस्टरहून आलेली देवांची लेबलं, काडेपेटीवर देव, साबणाच्या आणि ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर बाळकृष्ण. अशी लेबलं जुन्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली सापडतात, फाडून काढू नका, ट्रंकेसकट ठेवा.

सहावी: चित्राचं लोकांनी काय केलं ते बघा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण ती गाळतात.

छापखान्यातून एकसारख्या हजारो लक्ष्म्या निघाल्या पण घरात गेल्यावर प्रत्येक वेगळी झाली. काचेच्या वरच्या भागात काजळी आहे का? म्हणजे समई किंवा चूल जवळ होती. हाराच्या खिळ्यांच्या खुणा फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांत असतात. मागच्या पुठ्ठ्यावर कुणाचं तरी नाव, लग्नाची तारीख, कधी नुसता वाण्याचा हिशोब.

आजीच्या त्या लक्ष्मीला साडीवर जरीचा दोरा आणि टिकल्या लावलेल्या आहेत. असं काम तेव्हा बायका घरी हौसेने करायच्या, छापील साडीच्या जागी खरी जर, छापील मोत्यांच्या जागी बारीक मणी. समोरून ते थोडं भडकच दिसतं, खरं सांगायचं तर. पण एकदा पाठ बघायला मिळाली, आणि मागे सगळे टाके. कागदातून सुई घातलेली, भोकं अगदी काठाकाठाने, पदराच्या घडीला धरून, म्हणजे जिने केलं तिने चित्रातली घडी कुठून कुठे जाते ते नीट बघितलेलं. डाव्या हाताजवळ मात्र दोऱ्याचा रंग वेगळा आहे आणि टाके मोठे, घाईचे. कुणीतरी नंतर दुरुस्त केलंय. कोण ते आत्यालाही माहीत नाही.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि प्रश्न साधे विचारा. "या चित्राबद्दल सांगा" म्हटलं की ते देवाची गोष्ट सांगतात. "कुठल्या भिंतीवर होता", "खाली काय असायचं", "कोण हार घालायचं", "नवरात्रात खाली काढायचे का" असं विचारलं की खरं बाहेर येतं. पेन्सिलीने वहीत लिहून घ्या, तारखेसकट. चित्राच्या पाठीवर बॉलपेनने काहीही लिहायचं नाही, ते पुढे उमटतं.

सातवी: जपणूक, यात शहाणपणा करू नका

कागदाचे शत्रू म्हणजे ऊन, ओल, कसर, वाळवी आणि सेलोटेप, पैकी सेलोटेप आपण स्वतः आणतो. फाटलं असेल तर तसंच राहू द्या. लॅमिनेशन तर बिलकुल नको, परत निघत नाही. चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, रंग काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो.

घरी करता येण्यासारखं एवढंच, की सुटी झालेली धूळ मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडायची, थेट ऊन येत नाही अशा आणि बाहेरच्या नसलेल्या भिंतीवर लावायचं कारण बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, आणि काच व कागद यांच्यात माउंटची फट ठेवायची. मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा असेल तर त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो, त्याजागी आम्लमुक्त पुठ्ठा मिळतो तो घाला. बाकी बुरशी, सुटणारा रंग, चिकटलेली काच, हे तज्ज्ञांचं काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे किंवा अशा जाणकारांकडे चौकशी करा, इंटरनेटवरचे ब्लीचचे व्हिडिओ बघून प्रयोग नकोत.

विकत घ्यायचं असेल तर

चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली नवी प्रिंट सर्रास मिळते, भिंग खिशात असू द्या. रविवर्मांसारख्या जुन्या चित्रकारांचा हक्क कधीच संपलेला असल्याने त्यांची कॉपी छापणं चूक नाही, जुनी म्हणून विकणं चूक. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर न्यायला कायद्याने बंधनं आहेत, परदेशातल्या भावाला गिफ्ट द्यायचा विचार असेल तर आधी माहिती काढा.

आणि शक्यतो फ्रेमसकट घ्या. फ्रेम बदलायला दिली तर दुकानात समोर उभं राहा. मी एकदा राहिले नव्हते, आणि फ्रेमवाल्याने अगदी प्रेमाने, बरोबर मापात बसावं म्हणून, चित्रशाळेचं नाव असलेली खालची दीड इंच पट्टी कापून मला नवीकोरी तसबीर आणून दिली. पट्टी कचऱ्यात शोधली. मिळाली नाही.